मुंबईतली ट्रान्सपोर्ट कंपनी: ड्रायव्हरचं आरोग्य आणि रस्त्यावरची सुरक्षा कशी सांभाळायची

कळंबोली, तळोजा, वाशी, वडाळा, भिवंडी. या पट्ट्यातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसात अपघाताचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रायव्हर कोण होता? त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. माल किती वाजता पोचेल, हा शब्द पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला, कोणी दिला होता? आणि तो ड्रायव्हर शेवटचा नीट कधी झोपला होता, हे शब्द देणाऱ्याला माहीत होतं का? दोन्हींची उत्तरं ऑफिसात सापडतात. म्हणून हा लेख गाडीमालक, मॅनेजर आणि गाड्या लावणाऱ्या, म्हणजे कोणती गाडी कुठल्या खेपेला ते ठरवणाऱ्या सुपरवायझरसाठी आहे. ड्रायव्हरला उपदेश करणारी पोस्टरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज साडेचारशेहून जास्त. त्यातली काही आपल्या गाड्यांखाली गेली, काही आपल्याच गाड्यांच्या केबिनमध्ये. दहा गाड्यांची कंपनी असो की शंभर, पुढची कामं तीच आहेत आणि बरीचशी फार पैसे न घालता होतात. क्रम मात्र सांभाळा.

पहिलं काम: गाडी थांबवायचा अधिकार कोणाला, ते ठरवा

सुरक्षेचं काम 'सगळ्यांचं' असतं तिथे ते कोणीच करत नाही. एका माणसाला नेमा. त्याला गाडी गेटवर थांबवण्याचा अधिकार लेखी द्या, त्यावर मालकाची सही असू द्या. ज्याचा बोनस खेपांच्या संख्येवर ठरतो त्याच्याकडे हे काम देऊ नका. महिनाअखेरीला तो गाडी सोडणारच. कंपनी लहान असेल आणि वेगळा माणूस परवडत नसेल, तर हा अधिकार मालकाने स्वतःकडे ठेवावा आणि रात्री फोन आला तर उचलावा.

कागदावर थांबवण्याची कारणं स्पष्ट लिहा: ब्रेक, टायर, लाईट, जास्तीचा किंवा नीट न बांधलेला माल, अपुरी झोप, दारू, आजारपण. आणि त्याखाली एक ओळ: या कारणाने गाडी थांबली तर ड्रायव्हरचा भत्ता कापला जाणार नाही. ही ओळ नसेल तर बाकीचा कागद फाडून टाकला तरी चालेल, कारण 'मला झोप येतेय' हे सांगायला माणसाला पाचशे-हजार रुपये मोजावे लागत असतील तर तो कधीच सांगणार नाही.

कागद मराठीत आणि हिंदीतही काढा. मुंबईतल्या गाड्यांवर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कितीतरी ड्रायव्हर आहेत. सगळ्यांना वाचायला जमेल असंही नाही, तेव्हा एकदा सगळ्यांना बसवून, चहा देऊन, वाचून दाखवा. मालक स्वतः हजर असला तर त्या शब्दाला वजन येतं.

दुसरं काम: खेपेच्या वेळेचा खरा हिशोब

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

न्हावा शेव्याच्या बंदरातून भिवंडीला कंटेनर न्यायचा आहे असं धरा. नकाशावर अंतर साठ-सत्तर किलोमीटर. ऑफिसातला माणूस म्हणतो, तीन तास पकडा. पण ड्रायव्हरचा दिवस बंदराच्या गेटवरच्या रांगेत सुरू झालेला असतो. मग कागदपत्रं, कंटेनर चढवणं, कळंबोलीचा जाम, शिळफाटा, मुंब्रा बायपास, आणि भिवंडीत गोदामाबाहेर 'हमाल जेवायला गेलेत' म्हणून थांबणं. चाकं फिरली तीन-चार तास, माणूस मात्र पंधरा तास जागा. रांगेत तो झोपतो असं आपण समजतो. रांग दर वीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरकत असेल तर ती झोप धरायची नाही.

मुंबईत आणखी एक भानगड आहे. शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, म्हणून गाड्या मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्याबाहेर ताटकळतात आणि रात्री आत सोडल्या जातात. म्हणजे दिवसभर उन्हात, हॉर्नच्या आवाजात पडून राहिलेला माणूस नेमका रात्री, शरीर झोप मागत असताना स्टिअरिंगवर बसतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात धोक्याची. दुपारी दोन ते चार ही त्याखालोखाल. गाडी लावताना या दोन पट्ट्यांत ड्रायव्हर कुठे असेल ते बघा. पहाटे तीनला तो भोर घाट उतरत असेल असं दिसलं तर निघण्याची वेळ बदला.

कायद्याची चौकट माहीत हवी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास सुटका आणि आठवड्याची सुट्टी घालून दिली. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमच्या कंपनीला त्यातले नेमके कोणते नियम लागतात, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून एकदा लिहून घ्या. पण रोजच्या कामासाठी कायद्याच्या जोडीला मी सांगेन तो नियमही पाळा:

थांबलेला वेळ कामाचाच धरा. गेटवर हजर झाल्यापासून चावी परत देईपर्यंत घड्याळ चालू. चौदा तास जागा असलेला माणूस नवी खेप सुरू करणार नाही, मग पार्टी कितीही मोठी असो. दोन खेपांमध्ये आडवं पडून सलग सात तास झोपायला मिळेल इतकी जागा ठेवा. त्यात अंघोळ, जेवण आणि घरी जाण्या-येण्याचा वेळ धरायचा नाही. दिवा किंवा टिटवाळ्यासारख्या लांबच्या उपनगरात राहणारा ड्रायव्हर नऊ तासांच्या 'सुटकेतले' तीन तास प्रवासातच घालवतो, हे ड्युटी लावणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

हे करायचं तर पार्टीशी बोलावं लागतं आणि तिथेच बहुतेक जण कच खातात. पोचण्याची वेळ सांगताना एकच ठरावीक वेळ देऊ नका, पट्टा द्या: 'सकाळी सहा ते दहा'. गोदामात दोन तासांपेक्षा जास्त थांबवलं तर डिटेन्शन, म्हणजे गाडी अडवून ठेवल्याचे पैसे, लागेल असं भाड्याच्या करारात घाला. पैसे मिळाले तर उत्तमच, पण खरा फायदा असा की गोदामवालाही मग गाडी लवकर मोकळी करतो.

भत्त्याची पद्धतही तपासा. फक्त खेपेवर पैसे मिळत असतील तर वेग आणि जागरण या दोन्हींना तुम्हीच पैसे देत आहात. पक्का पगार वाढवून खेपेचा वाटा कमी करा. एकदम जमणार नाही, पण सहा-सहा महिन्यांच्या टप्प्याने जमतं.

झोपेबद्दल थोडं अजून

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर कापते. तीन सेकंद डोळा लागला तर सदुसष्ट मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. ड्रायव्हर जागा असेल तरी ८० च्या वेगाला भरलेल्या ट्रकला थांबायला साधारण पंचाहत्तर-ऐंशी मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक चांगले असताना. थकलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर एक सेकंद उशिरा पोचला की त्यात आणखी बावीस मीटर.

खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडात तंबाखूचा बार भरणं याने झोप जात नाही, ती येतेय हे तेवढं लपतं. चालतं ते एकच: गाडी सुरक्षित जागी लावून वीस-पंचवीस मिनिटं पडणं. त्याआधी चहा किंवा कॉफी प्यायली तर उठेपर्यंत तिचा परिणाम सुरू होतो. हेही तात्पुरतंच, रात्रभराच्या झोपेची भरपाई याने होत नाही. आणि ड्रायव्हरने हे केलं तर जीपीएसवर गाडी थांबलेली बघून ऑफिसातून 'का थांबलास' असा फोन जाता कामा नये.

यार्डात झोपायची खोली हवी. पंखा, मच्छरदाणी, स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी, मोबाईल चार्जिंग आणि गाड्यांच्या आवाजापासून लांब कोपरा. हायवेला संडास मिळत नाही म्हणून पाणी कमी पिणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिलेत. मग मुतखडा, लघवीची जळजळ, डोकेदुखी. यार्डातला संडास साफ ठेवणं हेसुद्धा रस्ता सुरक्षेचंच काम आहे.

तिसरं काम: आरोग्य तपासणी, पण भीती न घालता

लायसनसाठी लागणारा फॉर्म १-ए हा वैद्यकीय दाखला सहीशिक्क्यापुरता उरतो, हे आपण सगळे जाणतो. कंपनीने स्वतःची तपासणी ठेवावी: नोकरीवर घेताना एकदा, नंतर वर्षातून एकदा, आणि मोठं आजारपण किंवा अपघात झाल्यावर. नव्या संहितेतही ठराविक वयाच्या आणि वर्गाच्या कामगारांसाठी मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे.

तपासणी करण्याआधी एक गोष्ट ड्रायव्हरांसमोर जाहीर करा: रिपोर्ट ड्रायव्हरच्या हातात जाईल. कंपनीला डॉक्टर फक्त तीनपैकी एक उत्तर देतील. चालवू शकतो, अमुक अटीवर चालवू शकतो, किंवा उपचार होईपर्यंत चालवू नये. तिसरं उत्तर आलं तर त्याला यार्डात किंवा ऑफिसात काम मिळेल, घरी बसवलं जाणार नाही. हे सांगितलं नाही तर लोक शुगर लपवतात, चष्मा खिशात ठेवतात आणि मिरगीच्या गोळ्या बायकोच्या नावाने आणतात.

काय बघायचं?

डोळे आधी. लांबचं, जवळचं, बाजूचं आणि रात्री समोरच्या लाईटचा त्रास होतो का. पंचेचाळीशीनंतर मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळांना असते आणि ती दिवसा कळतच नाही. चष्मा कंपनीच्या खर्चाने द्या, दोन जोड द्या, एक केबिनमध्ये राहील.

ब्लड प्रेशर आणि शुगर. शुगरसाठी उपाशीपोटीच्या आकड्याबरोबर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) करून घ्या, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून फसवता येत नाही. जो इन्शुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतो, त्याला शुगर एकदम उतरण्याचा धोका असतो: घाम, थरथर, डोळ्यांपुढे धूसर, चिडचिड, गोंधळ. शुगर ७० च्या खाली गेली असेल तर गाडी बाजूला, साखर किंवा ग्लुकोज पोटात, आणि पाऊण तास थांबून नीट वाटल्याशिवाय पुन्हा स्टिअरिंग नाही. अशा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ग्लुकोजचा पुडा कायम हवा आणि त्याच्या खेपेत जेवणाची वेळ पक्की हवी.

घोरणं. यावर आपल्याकडे हसतात, पण जाड मान, मोठमोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या जागी डुलकी ही लक्षणं एकत्र असतील तर ते स्लीप ॲप्निया असू शकतं. असा माणूस आठ तास झोपूनही थकलेलाच उठतो. त्याला तपासणीला पाठवा. यावर उपचार आहेत. क्लीनरला विचारलंत तर कोण कसा घोरतो ते तो बरोबर सांगतो.

तोंड. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी केबिनमध्ये पुड्या सापडतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं, किंवा स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे लगेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी.

पाठ आणि मान दुखतेच. सीटचं फोम बसलेलं असेल तर बदला. नव्या सीटचा खर्च पाठदुखीच्या रजांपेक्षा कमी पडतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्यांना निदान चांगला पंखा, छताला उष्णतारोधक थर आणि पाण्याचा मोठा थर्मास द्या.

औषधांकडे कोणाचं लक्ष नसतं. सर्दीसाठी मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांमध्ये सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन असतं आणि त्याने गुंगी येते. 'औषध घेतलंय का' हा प्रश्न रोजच्या विचारपूसेत घाला.

तपासणी कुठे करायची? महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेखाली येणारे कामगार असतील तर त्यांची कार्डं खरंच चालू आहेत ना, ते आधी बघा. महापालिकेचे 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडे असतात, ड्रायव्हरच्या वेळेला ते सोयीचं पडतं. बाकीच्यांसाठी जवळच्या डॉक्टरशी वर्षाचा ठराव करा.

चौथं काम: गेटवरची दहा मिनिटं

चेकलिस्ट छापून त्यावर टिक मारून घेणं सोपं आहे, आणि न बघता सगळ्यांवर टिक मारणं त्याहून सोपं. म्हणून यादी लहान ठेवा आणि ड्रायव्हर व गेटवरचा माणूस दोघांनी गाडीभोवती चालत ती करा.

ब्रेक: एअर प्रेशर पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. काटा सरकत राहिला तर कुठेतरी हवा गळतेय. आवाजाने जागा सापडते. एअर टाकीतलं पाणी रोज सोडा, पावसाळ्यात तर नक्कीच. टायर: नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड काढा. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर पुढच्या चाकाला लावू देऊ नका, हा माझा ठाम आग्रह आहे. नट ढिले असतील तर भोवती गंजाच्या रेघा दिसतात. लाईट: मागचे दिवे, ब्रेक लाईट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर पट्ट्या. पट्टीवरचा चिखल फडक्याने पुसायला एक मिनिट लागतं. अंधारात उभ्या ट्रकला मागून येऊन धडकलेल्या मोटरसायकली या राज्यात नव्या नाहीत. मागचा अंडररन गार्ड वाकलेला किंवा कापलेला असेल तर गाडी सोडू नका. त्याच्याचमुळे कार ट्रकखाली घुसत नाही.

केबिनमध्ये सीटबेल्ट चालू हवा, क्लीनरच्या सीटलाही. दोन रिफ्लेक्टर त्रिकोण, टॉर्च, चमकणारं जॅकेट, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि चाकाखाली लावायचे दोन ठोकळे. दगड शोधत हायवेवर फिरायची वेळ कोणावर यायला नको.

मुंबईहून माल नेणाऱ्याला दोन घाट टळत नाहीत: पुण्याकडे भोर घाट, नाशिककडे कसारा. उतारावर ब्रेक 'फेल' झाला असं पंचनाम्यात येतं. बहुतेक वेळा तो तापून निकामी झालेला असतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनिंगवर (घासून चाक थांबवणाऱ्या थरावर) येतो, लायनिंग तापतं आणि पकड सुटते. जुने ड्रायव्हर सांगतात ते खरं आहे: ज्या गियरमध्ये चढवाल त्याच गियरमध्ये उतरवा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा ब्रेक) चालू ठेवा, उतार सुरू होण्याआधीच गियर खाली घ्या, ब्रेक धरून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. ऑफिसने यात काय करायचं? डिझेलच्या सरासरीवर बक्षीस ठेवलं असेल तर घाटाच्या खेपांना ते लावू नका. न्यूट्रलचा मोह तिथूनच सुरू होतो.

यार्ड आणि माल

रस्त्यावर न होता यार्डात होणारे अपघात वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून ते कमी आहेत असं वाटतं. रिव्हर्स घेताना एकच माणूस इशारा करील, तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबेल. चार हमाल चार बाजूंनी 'आन दे, आन दे' ओरडतात तेव्हाच कोणीतरी भिंत आणि फाळक्याच्या मध्ये सापडतो. ताडपत्री बांधायला मालावर चढणारा क्लीनर चपलेत नसावा आणि शिडी असावी. केबिनमधून उडी मारू नये. तोंड गाडीकडे ठेवून, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात धरून उतरावं. गुडघे वाचतात. रिंगवाल्या चाकात (ज्यात टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेला असतो) हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा आणि रिंगसमोर कोणी उभं राहायचं नाही, कारण ती सुटली तर माणूस जागेवर जातो.

मालाचं म्हणाल तर कळंबोलीची स्टीलची कॉइल सगळ्यात फसवी. जोरात ब्रेक लागला तर ती थांबत नाही, केबिनमधून जाते. साखळ्या, खाली पाचर आणि पुढे भक्कम अडसर नसेल तर 'जवळच जायचंय' हे कारण ऐकू नका. जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, मागे किंवा वर बाहेर आला तरी २०,०००. पण मी दंडाची भीती घालत नाही. जास्तीच्या वजनाने वर सांगितलेलं थांबण्याचं अंतर वाढतं आणि घाटात लायनिंग लवकर तापतं.

पाचवं काम: फोन आणि दारू

फोनबद्दलचा नियम ऑफिसला लावा. चालत्या गाडीला फोन करायचा नाही. जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की करा, किंवा मेसेज ठेवा आणि ड्रायव्हर थांबल्यावर उलट फोन करील. मालकाने स्वतः हे पाळलं नाही तर दुसऱ्या दिवशी नियम संपला. पार्टीलाही ड्रायव्हरचा नंबर देऊ नका, ऑफिसचा द्या.

दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. कंपनीची मर्यादा शून्य ठेवा. गेटवर ब्रेथ ॲनालायझर ठेवून प्रत्येकाची तपासणी करा, सुपरवायझरचीही. निवडक लोकांचीच केली तर तो अपमान होतो. रात्री उशिरापर्यंत प्यायलेल्याच्या रक्तात सकाळी सहालाही दारू असते. लिंबूपाणी, कॉफी, अंघोळ यांनी ती लवकर उतरत नाही. पहिल्यांदा सापडलेल्याला त्या दिवशी घरी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी बसवून बोला. रोज पिणाऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत पोचवा. नुसतं काढून टाकलं तर तो शेजारच्या कंपनीची गाडी चालवतो आणि रस्ता तोच असतो.

पावसाळा वेगळा धरा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बंद गाड्यांमध्ये अडकूनही माणसं गेली. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबणाऱ्या जागांची नावं दर जूनला ऐकू येतात. गाड्या लावणाऱ्याच्या टेबलावर भरतीचं वेळापत्रक ठेवा. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येणार असेल तर शहरातल्या डिलिव्हऱ्या मागे-पुढे करा. लहान टेम्पोला अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर आत घालायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. पाणी वाढत असेल तर काच उतरवून बाहेर पडा, मालाचं नंतर बघू.

आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवा. लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून होतो आणि पायाला जखम असेल तर धोका जास्त. महापालिका दरवर्षी सांगते की पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. ड्रायव्हर मात्र ताप आल्यावर क्रोसिन घेऊन गाडीवर चढतो. त्याला दवाखान्यात पाठवणं हे सुपरवायझरचं काम. प्रत्येक गाडीत गमबूट ठेवा.

थोडक्यात वाचलेले प्रसंग लिहून ठेवा

गेटवर एक वही ठेवा. ब्रेक उशिरा लागला, डुलकी आली, डावीकडून मोटरसायकल घुसली, सळई घसरली. नाव लिहायची सक्ती नको. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गेटवरच्याने ऐकून लिहावं. महिन्यातून एकदा वही उघडा आणि एकाच जागेची, वेळेची किंवा गाडीची नोंद पुन्हा पुन्हा येतेय का ते बघा. आली तर त्यावर काहीतरी करा आणि काय केलं ते ड्रायव्हरांना सांगा. त्यातून काहीच झालं नाही तर तिसऱ्या महिन्यात वही कोरी राहील. गाडीला ओरखडा आला म्हणून पगार कापणं बंद करा. कापलात तर माहिती मिळणं थांबतं.

अपघात झालाच तर

केबिनमध्ये चिकटवायचा कागद करा, मोठ्या अक्षरांत. गाडी बंद, हॅझर्ड लाईट चालू, जॅकेट अंगात. त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर, एक्सप्रेसवेला त्याहून लांब. ठेवताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड. मग बॅरियरच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, गाडीच्या मागे नाही. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. त्यानंतर ऑफिस.

जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर कायदा ते कारण मान्य करतो, पण मग थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हायचं. पळून जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने गुन्हा मोठा करणं. हे ड्रायव्हरला शांत वेळी समजावून सांगा, आणि कंपनी वकील देईल, घरच्यांना कळवेल, हेही त्याच वेळी सांगा. मागे कोणी उभं आहे हे ठाऊक असलेला माणूस तिथे थांबतो.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या कॅशलेस योजनेत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत होतात. समोरच्या जखमीच्या नातेवाइकांनाही हे सांगा, त्यांना बहुतेक माहीत नसतं.

चौकशी पहिल्या दोन दिवसांत करा आणि ड्रायव्हरपासून सुरू करू नका. त्या आठवड्यातल्या त्याच्या ड्युटीचा तक्ता, पार्टीला दिलेली वेळ, गेटवरची तपासणी, कॉल रेकॉर्डमध्ये त्या मिनिटाला ऑफिसातून फोन गेला होता का, ब्रेकचं शेवटचं काम कधी झालं, हे सगळं टेबलावर आल्यावर त्याला बोलवा.

ज्याच्या हातून माणूस गेलाय तो ड्रायव्हर आठवड्याभरात 'ठीक आहे साहेब' म्हणत परत येतो. त्याला लगेच लांबच्या रूटवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, झोप लागते का विचारा, स्वप्नं पडतात का विचारा. गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवा. पहिले काही दिवस दिवसाउजेडी जवळची खेप, सोबत एखादा जुना ड्रायव्हर. त्या काळात त्याचा पूर्ण पगार चालू ठेवा, आणि तो स्वतःहून लांबचा रूट मागेपर्यंत थांबा.